नाकासमोरची भिंत

१४ मे १९८३, मुहर्रक, बहारीन

ही डायरी यांनी ऑफिसातून आणली. "कोरी आहे, वाया जाईल. काहीतरी लिहीत जा," म्हणाले. माझं डोकं खाण्यापेक्षा हिचं खा, असं तोंडानं म्हणाले नाहीत, पण नवऱ्याचा चेहरा वाचायला मला शाळा लागत नाही. तर डायरीबाई, ऐका आता.

आज उम्म अल हस्समचा फ्लॅट सोडून इथं आलो. सुटले एकदाची! त्या फ्लॅटात वर्षभर मी फ्रीजशी गप्पा मारल्या. समोरच्या दाराआड माणसं राहतात हे त्यांच्या कचऱ्यावरून कळायचं. आमच्या राजापूरकडे दिवसाढवळ्या दार लावलेलं घर दिसलं तर लोक विचारतात, काय गो, घरात कोण गेलं? मी यांना सरळ सांगून टाकलंय, गणपतीपर्यंत वाट बघते. बोलायला एक जीव मिळाला तर ठीक, नाहीतर माझं तिकीट काढा, मी चालले गावाला. हे ड्राफ्ट्समन. दिवसभर इंजिनियरच्या ऑफिसात रेघा ओढतात आणि घरी येऊन गप्प बसतात.

१६ मे

घर म्हणजे नमुना आहे. समुद्रातल्या दगडाच्या जाड भिंती, मधे अंगण, भोवती खोल्या. गल्ली इतकी अरुंद की दोन गाढवं समोरासमोर आली तर एकाला माघार घ्यावी लागेल. पुढं गल्ली संपतेच. दाराबाहेर बांधलेला कट्टा आहे, त्यावर सकाळी म्हातारे बसतात नि उन्हं उतरली की बाया. डोक्यावरून विमानं जातात, तेव्हा भांडी वाजतात.

पण दार उघडलं की नाकासमोर भिंत! आत शिरायचं तर डावीकडे वळा, मग उजवीकडे वळा, मग अंगण. काल पिशव्या घेऊन आले ती कपाळ आपटूनच घेतलं. कुठल्या शहाण्यानं बांधली कोण जाणे. दार उघडं टाकून बसले तरी मला गल्ली दिसत नाही नि गल्लीला मी दिसत नाही. मग इथं येऊन मिळवलं काय?

मागच्या खोलीत वर आणखी एक चमत्कार आहे. चौकोनी धुराडं, खाली चूल नाही. तोंडाला पत्रा ठोकलाय.

२७ मे, शुक्रवार

पाडली! घरमालक मनामात राहतो, हे त्याला विचारून आले. "काय हवं ते करा," म्हणाला. रत्नागिरीचे अलीमियाँ यांच्या ओळखीचे, मीना सलमान बंदरावर गोदामात कारकून आहेत, पण हातात गवंड्याचं कसब. ते घण घेऊन आले खरे, पण उगाच रेंगाळत होते.

"वहिनी, जरा इचार करा. हितली माणसा उगाच भिंत नाय बांधत."

"अलीमियाँ, ही भिंत छप्पर धरते का?"

"नाय."

"मग घाला घाव."

अलीमियाँ नि हे, दोघं धुळीनं पांढरे झाले. संध्याकाळी दार सताड उघडलं आणि गल्ली थेट अंगणात आली. मी चटई टाकून दारासमोर भाजी निवडायला बसले. वाटलं, आता कसं आपलं घर झालं.

९ जून

काय बिनसलं कळत नाही. कट्ट्यावर कोणी बसत नाही. म्हातारे पार गल्लीच्या तोंडाशी, मशिदीच्या भिंतीला टेकून बसतात, तेही उन्हात. पुरुष आमच्या दाराशी आले की मान खाली घालतात नि पावलं उचलतात. समोर तिरकं हुस्नाचं घर आहे. माझ्याच वयाची, पहिल्या दिवशी हसली होती. आता डोक्यावरची काळी चादर पुढं ओढून भिंतीच्या कडेनं जाते.

मी काय वाघीण आहे? यांना विचारलं तर म्हणाले, "नवे आहोत आपण." नवे होतो तेव्हा तर लोक बसत होते! आपण हिंदू म्हणून असेल. अलीमियाँना विचारलं तर ते दाढी खाजवत बसले.

१९ जून

रमजान सुरू झालाय. अलीमियाँ म्हणाले होते की सूर्य मावळायच्या आधी गल्लीत ताटं चालायला लागतात, या घरातून त्या घरात. खरंच चालतात. मी दारात बसून बघते. हुस्नाचा दीर ताट घेऊन निघतो, आमच्या दाराच्या अलीकडे थबकतो आणि ताट घेऊन मागं फिरतो. आज तीनदा फिरला. मला कुणाचं खायला नको आहे. पण दारावरून ताट परत जावं?

रडले. यांना म्हटलं, गणपती लांब आहेत, तिकीट आत्ताच काढा.

२१ जून

आज दुपारी हुस्ना आली! भिंतीला चिकटून आत शिरली, माझं मनगट धरलं नि मला ओढत बाहेर नेलं. मी पदर सावरत तिच्यामागे. तिचा आजोबा मुंबईला मोती विकायचा, म्हणून घरात मोडकं हिंदी आहे.

आधी तिनं मला स्वतःच्या दारासमोर उभं केलं. दार उघडं. आत भिंत. "देखो. क्या दिखता?" काही दिसत नव्हतं. पण आतून सासूचा आवाज, भांड्यांचा आवाज, कांद्याचा वास, सगळं येत होतं. मग मला आमच्या दारासमोर आणलं. "अब देखो."

अगो आई! सगळं घर उघडं पडलं होतं. खाट, उशा, दोरीवर माझे परकर, यांची भोकं पडलेली बनियन, आणि जिथं मी पदर खोचून मांडी घालून बसते ती चटई. गेले तीन आठवडे गल्लीनं माझा संसार बघायचा नाही म्हणून माना मोडून घेतल्या होत्या.

"तुम बैठता, मेरा देवर आता. शरम किसको? उसको. वो बोलता, उधर औरत बैठा है, मैं कैसे जाऊँ? प्लेट वापस लाता."

"मला वाटलं तुम्हाला आम्ही नको आहोत," मी मराठीतच म्हटलं. तिला कळलं. तिनं कपाळावर हात मारला आणि हसत सुटली, मग मीही.

इथं दारं पण समोरासमोर नाहीत, हे आज बघितलं. प्रत्येक दार समोरच्या दारापासून सरकवलेलं. म्हणून तर सगळी उघडी असतात! मी इतके दिवस काय बघत होते?

२४ जून, शुक्रवार

भिंत परत उभी राहिली. अलीमियाँना रोजा, म्हणून सकाळीच काम उरकलं. "तेव्हाच सांगितलं होतंव," म्हणाले. मी म्हटलं, "नीट सांगायचं होतं, कानाखाली जाळ काढून." हे चुना कालवत होते. भिंतीकडे असे बघत होते की जणू भिंत आजच जन्माला आली.

संध्याकाळी दाराबाहेर खाकरण्याचा आवाज झाला आणि भिंतीच्या कडेला ताट ठेवलं गेलं. हरीस. गहू नि मटण एकत्र घोटलेलं, वर तूप. पहिला घास घेतला नि रडू आलं, आता बोला.

रिकामं ताट परत करायची आमच्याकडे रीत नाही. नारळाच्या वड्या करून पाठवल्या. हुस्ना म्हणाली, त्यांच्यातही नाही.

६ ऑगस्ट

आज जे अनुभवलं ते कसं लिहू?

दुपारी वीज गेली. पंखा थांबला आणि घर म्हणजे भट्टी. हुस्ना सासूला घेऊन आली नि तिनं मागच्या खोलीतल्या त्या धुराड्याकडे बोट दाखवलं. "बादगीर! बंद क्यों?" हे जेवायला घरी होते, स्टुलावर चढून पत्रा उचकटला. आधी वर्षांची धूळ नि कबुतराची पिसं अंगावर आली. मग वारा आला.

वारा म्हणजे काय, वरून कुणी माठातलं पाणी ओतावं तसा डोक्यावर पडला. बाहेर पानही हलत नव्हतं. हे वर गच्चीवर धावत गेले, खाली आले, परत वर गेले. वर मनोऱ्याला चारी बाजूंनी तोंडं आहेत, म्हणाले, कुठूनही झुळूक आली की ती पकडून खाली पाठवतात. आम्ही तिघं नि हुस्नाची सासू, त्याखाली डोळे मिटून उभे राहिलो. देवळाच्या गाभाऱ्यात घंटा वाजून गेल्यावर जसं वाटतं तसं झालं मला. बांधणारा कोण, कधी मेला, नाव नाही गाव नाही, आणि राजापूरच्या मथुरेच्या घामावर त्यानं आज फुंकर घातली.

३० ऑगस्ट

यांचं काहीतरी बिघडलंय. येता-जाता मला प्रश्न. "दुपारी हुस्नाकडे कुठल्या कडेनं जातेस? चपला घालतेस की अनवाणी? चार वाजता कट्ट्यावर कुठल्या टोकाला बसतेस?" काल तर सुट्टी काढून घरी बसले आणि गल्लीत खडूनं सावलीच्या कडा आखत होते. लोक बघतायत! नवऱ्याला बायकोचा संशय यायला लागला की काय? लग्नाला आठ वर्षं झाली, आता?

हुस्नाला सांगितलं. ती म्हणाली, "तेरा आदमी पुलिस है?"

मी मात्र रागानं सगळं खरं खरं सांगितलं. डाव्या कडेनं जाते, तिथं दुपारी सावली असते. अनवाणी जाते, पाय भाजत नाहीत. चार वाजता दाराकडच्या टोकाला बसते, कारण ऊन तिथून आधी सरकतं. समाधान झालं? यांनी सगळं लिहून घेतलं.

१० सप्टेंबर, गणेशचतुर्थी

पाटावर सुपारीचा गणपती मांडला. मोदक तळणीचे केले. दुपारी बायांनी अंगण भरलं, हुस्नाच्या सासूनं मोदक फोडून आत काय आहे ते आधी बघितलं, मग चार खाल्ले.

सगळ्या गेल्यावर हे हळूच म्हणाले, "गणपती आले. तिकिटाचं काय करू?"

मी झारा फेकला. लागला नाही.

१२ नोव्हेंबर

हुस्ना हसत होती नि डोळे पुसत होती. वाळवंटात सरकार नवं गाव वसवतंय, तिथं त्यांना घर मिळणार. गल्लीतल्या जवळजवळ सगळ्यांनाच. बरोबर आहे, त्यांच्या घरात तीन भावांची बायका-पोरं कोंबलीयत, भिंतीत ओल आहे, गाडी आत येत नाही, सासूला दवाखान्यात न्यायचं तर खुर्चीवरून उचलून न्यावं लागतं. तिला आनंद झाला तर माझ्या पोटात दुखायचं कारण काय?

दुखतंय. सरळ लिहिते, दुखतंय. तिकडची घरं इथल्याच लोकांना, आपल्याला नाहीत. आपण परक्या देशचे. आणि घरं चिठ्ठ्या टाकून दिली तर गल्ली सगळी विखरेल. हुस्ना एकीकडे, सासूच्या मैत्रिणी दुसरीकडे.

यांना सांगितलं तर म्हणाले, "मला माहीत आहे." कसं? "त्या गावाचे नकाशे आमच्याच ऑफिसात चाललेत."

इतके महिने बोलले नाहीत! आज जेवले का नाही मी विचारलंही नाही.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

मला नवं गाव दाखवायला घेऊन गेले. काय सांगू! नजर पोचेल तिथवर वाळू, आणि वाळूवर चुन्याच्या पांढऱ्या रेघा. इथं शाळा, इथं मशीद, इथं दुकानं, हे दाखवत होते. माणसं अजून यायचीत, त्यांनी ओटे बघितले नाहीत, पोरं जन्मलीही नसतील, आणि त्यांची वाट मात्र आखून तयार. ऊर भरून आला. माझ्या नवऱ्याच्या पेन्सिलीतून हे निघतं हे मला आज कळलं.

मग एका रेघेवर उभी राहिले. "हे दार का?" हो. "आणि समोर रस्त्यापलीकडे?" तेही दार. "आणि रस्ता एवढा रुंद?" गाड्यांसाठी.

"अहो, मग ही दारं बंद राहतील! हुस्ना दार लावून बसेल. उम्म अल हस्सम होईल ह्याचं. ती फ्रीजशी बोलेल!"

"या तुकड्याचा नकाशा या महिन्यात पक्का होतोय," हे म्हणाले. "मी दुसरा काढून ठेवलाय. पण दाखवायचा कसा? मी रेघा ओढतो मथुरा, रेघा ठरवत नाही."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. खडू, सावली, चपला. आणि मी याला संशय समजले! लाज वाटली आणि हसूही आलं. गाडीत बसताना एवढंच म्हटलं, "साहेबाला नकाशा दाखवू नका. आधी आपला गाढवपणा सांगा."

२३ नोव्हेंबर

सांगितला! साहेब इंग्रज, उंच, चहात साखर नाही. यांनी सांगितलं, साहेब, मी घरात एक भिंत पाडली आणि माझी बायको एकटी पडली. साहेबानं पेन खाली ठेवलं. माझ्या परकरांचं सांगितलंत का, मी विचारलं. सांगितलं म्हणे. शिरा पडो यांच्या तोंडावर.

साहेब म्हणाला, मला घर बघायचंय.

१ डिसेंबर

साहेब आला. दारातून शिरला नि कपाळ भिंतीवर आपटलं. मला इतकं बरं वाटलं!

आत बादगीराखाली मान वर करून उभा राहिला, टोपी काढली. मग कट्ट्यावर म्हाताऱ्यांच्यात बसला. हुस्नाच्या दाराआडून कॉफी आली, मग खजूर, मग परत कॉफी. पेला हलवून "पुरे" सांगायचं त्याला माहीत नव्हतं, त्यामुळे बराच वेळ पीत राहिला. शेवटी हुस्नाच्या सासऱ्यानं त्याचा पेला धरून हलवून दाखवला.

हे नकाशा उलगडून बोलत होते. हे! बोलत होते! साहेब मधेच म्हणाला की मला हे हवंच होतं, पण ते हवंय असं म्हणणारं कोणी ऑफिसात आलं नव्हतं. सासरेबुवांनी यांना अरबीत काहीतरी विचारलं. दुभाषी म्हणून आलेल्या अलीमियाँनी सांगितलं, "ते विचारतायत, आमाला सगळ्यांना एकत्र देतील काय?"

हे म्हणाले, "ते माझ्या हातात नाही." सासरा म्हणाला, "इंशाल्ला," आणि दुसऱ्या दिवशी गल्लीतले सगळे म्हातारे मिळून अर्ज करायला जायचं ठरवून उठला.

८ जानेवारी १९८४

एका तुकड्याला मंजुरी! फक्त एकाच, करून बघू म्हणून. गाड्या बाहेर, आत पायवाट, दारं सरकवलेली, आत वळणाची भिंत. बादगीर नाही मिळाला, एसी येणार. म्हाताऱ्यांना अजून "बघू" एवढंच उत्तर आहे.

मी साखर वाटली. घरी आल्यावर लक्षात आलं, मी माझ्या मैत्रिणीच्या जाण्याची साखर वाटली.

३ मार्च १९८५

या डायरीला वर्षभर हात लावला नाही. लिहायला वेळ नव्हता, रोज कट्ट्यावर होते.

आज शेवटचा ट्रक गेला. म्हाताऱ्यांनी इतके खेटे घातले की शेवटी साऱ्या गल्लीला एकाच तुकड्यात घरं मिळाली. हुस्नाच्या सासूनं जाताना आमच्या भिंतीवर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारावी तशी. हुस्ना नि मी, दोघी एकमेकींच्या खांद्यावर नाक पुसून मोकळ्या झालो.

चार वाजता कट्ट्यावर जाऊन बसले. विमान गेलं, भांडी वाजली. दार उघडं ठेवलंय, पण कोणासाठी?

१२ एप्रिल १९८५, शुक्रवार

आज हे म्हणाले, चल, नव्या गावाला जाऊन येऊ. वड्या घेतल्या. मनातून घाबरले होते. म्हटलं नवी घरं, नवे सोफे, आपण पाहुण्यासारख्या दारात उभ्या राहणार, हुस्ना घरातल्या कामात असणार, किती वेळ बसायचं, कुठं बसायचं?

गाडी बाहेर लावली नि पायवाटेनं आत वळले. आणि थांबलेच. तीच गल्ली! सिमेंटची, नवी कोरी, रंगाचा वास येणारी, पण तीच. सगळी दारं उघडी. एका दारातून कांद्याचा वास, दुसऱ्यातून रेडिओ, आतलं काही दिसत नाही. हुस्नाच्या दारात शिरले नि हात आपोआप पुढं गेला, कपाळ आपटू नये म्हणून. भिंत होती तिथंच होती. हात तसाच ठेवून उभी राहिले. दगडाची नाही, ठोकळ्यांची आहे, पण माझी आहे.

हुस्ना आत बसवेना. "बाहर चलो, तुम्हारा जगा में." माझी कसली जागा? तिनं मला गल्लीच्या तोंडाशी नेलं. तिथं कट्टा आहे. बाकीचे कट्टे घरांच्या दारांना लागून आहेत, हा कुठल्याच घराला लागून नाही. एकटाच, लांब, पाय पसरून बसता येईल असा. चार वाजले होते. गल्ली अजून उन्हात होती आणि कट्ट्याच्या एका टोकावर सावली नुकती सरकली होती.

बाया आधीच येऊन बसल्या होत्या. सावलीतलं टोक रिकामं ठेवलं होतं.

मी यांच्याकडे बघितलं. हे बुटातली वाळू झाडत होते.

"हा कट्टा कुणाचा हो?"

"साहेबानंही विचारलं होतं," वर न बघता म्हणाले. "नकाशात प्रत्येक गोष्टीपुढं घराचा नंबर लागतो. याच्यापुढं काय लिहू, म्हणाला."

"मग?"

"मी म्हटलं, ज्यांना इथं घर मिळणार नाही त्यांचा."

एवढं मोठं गाव, इतक्या रेघा, हजारो माणसांची वाट आखलेली, आणि त्यात चार वाजताची माझी सावली यांनी आठवणीनं धरून ठेवली होती. गेल्या दीड वर्षात याबद्दल तोंडातून एक शब्द नाही. असल्या माणसावर मी झारा फेकला होता.

हुस्नानं वड्यांचा डबा उघडला. सासूनं ओरडून मला खाली बस म्हटलं. मी चपला काढल्या, सावलीतल्या टोकाला गेले आणि पाय पसरून बसले.